उसना थेंब

दिवाळी उरकली की उमापुरात रस्त्याच्या कडेनं ट्रॅक्टर उभे राहायला लागतात. एकेका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या. आधी ज्वारीची पोती चढतात, मग पत्र्याच्या पेट्या, घागरी, गुंडाळलेली ताडपत्री, उलटी टाकलेली बाज आणि बाजेच्या पायाला बांधलेल्या कोंबड्या. सगळ्यात शेवटी माणसं चढतात. ऊस तोडायला गाव निघतं आणि चार दिवसांत गल्ल्या इतक्या गप होतात की दुसऱ्या टोकाची पिठाची गिरणी घरात बसून ऐकू येते. मी गेवराईला एका शाळेत चित्रकला शिकवते. या दिवसांत माझ्या वर्गातली मागची बाकं रिकामी होत जातात. कागद वाटायला घेतले की दहा-बारा हातातच राहतात.

नेमका याच दिवसांत मला पुण्याहून मेल येतो. तिथं दर हिवाळ्यात कॉमिक्सवाल्यांचं मोठं संमेलन भरतं. स्वतःचं पुस्तक स्वतःच काढणाऱ्या चित्रकारांनी टेबलासाठी अर्ज करावा, असं त्यात लिहिलेलं असतं. यंदाही आला. शाळेच्या स्टाफरूममध्ये मी तो वाचला आणि माझे कान तापले. दोन वर्षं झाली त्या हिवाळ्याला, पण राग अजून ताजा आहे. राग जुना झाला की माणूस शहाणा झाला असं म्हणतात. मला तसलं शहाणपण नको आहे.

मी कॉमिक काढते हे आमच्याकडं सांगणं अवघड जातं. माझं पुस्तक गेवराईत लग्नपत्रिका छापणाऱ्याकडं छापलं. त्यानं पानं उलटून पाहिली आणि विचारलं, "मॅडम, यात नवरदेव कुठाय?" मी म्हटलं, नवरदेव नाही, ऊस तोडणारी बाई आहे. तो म्हणाला, "मग हे वाटायचंय कुणाला?" याचं उत्तर माझ्याजवळ तेव्हा नव्हतं. आजही धडपणे नाही.

पण चौकटीत गोष्ट सांगायला मी कुठं शिकले, ते मला पक्कं माहीत आहे. मी सात वर्षांची असल्यापासून मायबाप दरसाल तोडीला जायचे आणि मी गावातल्या हंगामी वसतिगृहात राहायची. सहा महिने. माय शिकलेली नाही, बापूंना सहीपुरतं येतं. पत्र लिहून उपयोग नव्हता. म्हणून मी वहीच्या पानाच्या घड्या घालून चार घरं करायची आणि त्यांत काढायची. पहिल्या घरात मला ताप आला. दुसऱ्यात बाईंनी कपाळावर हात ठेवला. तिसऱ्यात मी भात खाल्ला. चौथ्यात मी बरी झाले आणि दोरीवरून उड्या मारल्या. मुकादम म्हणजे टोळी घेऊन जाणारा माणूस. तो अधूनमधून गावी यायचा, त्याच्या खिशात हे पान जायचं. चौथं घर मी नेहमी चांगलंच काढायची. तिकडं मायला काळजी नको.

एकदा मायनं उलटं पान पाठवलं. कोळशानं काढलेलं. एक वाकडी बाई, तिच्या डोक्यावर मोळी, आणि बाईच्या तोंडाला कानापासून कानापर्यंत हसू. मुकादम म्हणाला, "तुझ्या मायनं काढलंय, लई हसलो आमी."

ते हसू मला पुढं फार कामी आलं. चित्रकलेचा डिप्लोमा केला, नोकरी लागली, आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत मी मायची गोष्ट काढायला बसले. चार उन्हाळे लागले. काळी शाई, ब्रश, साधा कागद. पुस्तकाचं नाव ‘केशर’. तेच मायचं नाव आहे. काढायच्या आधी मी तिला विचारलं होतं, तुझं तोंड काढू का?

माय शेंगा फोडत होती. म्हणाली, "काढ की. पण रडकं काढू नको. मी तिथं रडले न्हाई."

"कधीच नाही?"

"रडायला हात मोकळा पायजे. एका हातात ऊस, एका हातात कोयता. पुसायचं कशानं?"

म्हणून मुखपृष्ठावरची केशर हसते. डोक्यावर मोळी, कपाळावर पाचटाचा तुकडा चिकटलेला, पुढचा एक दात तुटका आणि तोंडभर हसू. ते हसू नीट जमायला मला सतरा कागद फाडावे लागले. हसणारी दमलेली बाई काढणं सोपं नाही. जरा चुकलं तर ती वेडी दिसते, जरा चुकलं तर साबणाच्या जाहिरातीतली.

दोन वर्षांमागं पुण्याचा अर्ज मंजूर झाला. मी मायला फोन केला तर तिनं आधी विचारलं, "टेबल म्हणजे काय करायचं?" पुस्तकं मांडून बसायचं, लोक येतात, बघतात, घेतात, असं मी सांगितलं. ती म्हणाली, "मी येते. माझं पुस्तक कोण घेतंय ते मला बघायचंय." तोवर तिचं तोडीला जाणं सुटलं होतं. बापूंनी शेळ्या सांभाळल्या आणि आम्ही दोघी पहाटेच्या एसटीनं निघालो. तिनं अंजिरी रंगाचं नवं लुगडं नेसलं होतं आणि पिशवीत धपाटे बांधून घेतले होते.

आमच्या जिल्ह्यात फ्लेक्सवर कोण असतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. वाढदिवस असलेला पुढारी, त्याच्या भोवती शुभेच्छुकांची बारकी बारकी तोंडं. त्यामुळं पुण्याच्या त्या हॉलच्या गेटावर दहा-बारा फूट उंच फ्लेक्सवर स्वतःचं तोंड दिसल्यावर माय थबकली आणि लाजली. पदर तोंडाला लावून म्हणाली, "अगं बाई, पुढाऱ्यासारखं लावलंय मला."

मलाही क्षणभर आनंद झाला. मला कुणी सांगितलं नव्हतं की माझं चित्र गेटावर लावणार आहेत.

मग आम्ही जवळ गेलो.

तोंड मिटलेलं होतं. तुटका दात गायब होता. माझ्या पांढऱ्या आभाळाच्या जागी काळे-जांभळे ढग भरले होते. आणि डाव्या गालावर, हनुवटीच्या जरा वर, निळसर चकाकणारा एक थेंब ओघळत होता. एवढ्या मोठ्या फ्लेक्सवर तो थेंब नारळाएवढा झाला होता. खाली लिहिलं होतं, ‘तिची वेदना, आमची रेषा’.

आमची.

मायनं मान वर करून बराच वेळ पाहिलं. मग तिनं मला विचारलं, "मी कवा रडले गं अशी?"

मी तिला तिथंच उभी करून आत गेले. संमेलनाचं काम बघणारा ऋत्विक नावाचा मुलगा होता. पंचविशीतला, बोलायला अतिशय गोड, गळ्यात ओळखपत्र. मला बघून त्याला खरंच आनंद झाला. म्हणाला, "ताई, गेट पाहिलंत? यंदा फक्त तुमचंच चित्र निवडलं आम्ही."

मी म्हटलं, ते माझं चित्र नाही.

"म्हणजे थोडं डेव्हलप केलंय. मूळ चित्रात त्या हसतायत ना. हसणारी बाई आणि खाली ऊसतोड कामगार, असं लावलं तर लोक कन्फ्यूज होतात. मेसेज जात नाही."

"कुठला मेसेज?"

"वेदना," तो म्हणाला.

"कुणाची?"

तोवर माय माझ्या मागं येऊन उभी राहिली होती. ऋत्विकनं तिला ओळखलं. चेहरा ओळखीचाच होता ना, त्यानंच तर बदलला होता. त्यानं वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "यांचीच."

माय म्हणाली, "मला कुटं काय दुखतंय?"

तो हसला. त्याला वाटलं आजी विनोद करतायत. मी म्हटलं, फ्लेक्स काढा. त्यानं फोनवर माझा अर्ज काढून दाखवला. त्यात खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती. प्रसिद्धीसाठी चित्रात किरकोळ बदल करण्याचा अधिकार आयोजकांकडं राहील. खाली माझी सही. मी ती ओळ न वाचताच सही केली होती, हे मला मान्य आहे. पण किरकोळ? एका बाईनं वीस वर्षं जे तोंड कुणापुढं पाडलं नाही, ते तुम्ही संगणकावर अर्ध्या तासात पाडलंत, आणि त्याला शब्द किरकोळ? मी हे बोलले नाही. मी तिथं त-त-प-प करत उभी राहिले. माझ्या हातात पुस्तकांचा खोका होता, मागं रांग होती, आणि टेबल हातचं जाईल की काय अशी भीती होती. चार उन्हाळे त्या टेबलासाठी घातले होते. ते गप राहणं मला अजून टोचतं.

टेबलावर बसलो तर लोक येत होते. अंगाला चिकटलेले लाल-निळे पोशाख घातलेली मुलं, पुठ्ठ्याचे पंख लावलेल्या मुली, गळ्यात कॅमेरे. माय एकेकाला न्याहाळत होती. पंखवाल्या एका मुलीला तिनं जवळ बोलावून तिचा सुटलेला पंख सुईदोऱ्यानं टाचून दिला. सुईदोरा तिच्या पिशवीत कायम असतो. ती मुलगी नंतर तीनदा आली.

मग एक बातमीदार आली. वही काढली, मायच्या पुढं खुर्ची ओढून बसली, आणि पहिलाच प्रश्न विचारला, "आजी, तुमचं पिशवीचं ऑपरेशन झालंय का?"

भोवती दहा-पंधरा अनोळखी माणसं उभी होती. त्यांत पुरुष होते, पोरं होती.

मायनं तिच्याकडं शांतपणे पाहिलं. "बाई, तू कुणाच्या घरी गेलीस की दारातच असं इचारतीस का?"

ती म्हणाली, "नाही, म्हणजे तुमच्या भागात तसं होतं ना, लोकांना कळलं पाहिजे."

"कळू दे की. तुझ्या मायला इचारून ये आधी, चारचौघांत. मग मी सांगते."

बातमीदार उठून गेली. ज्या गोष्टीवर ओरडायला पाहिजे ती गोष्ट खरीच आहे. तोडीत खाडा नको म्हणून आमच्या गावातल्या बायांच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्या, त्यावर कुणी लिहिलं तर मी त्याचे पाय धरीन. पण माणसाला माणूस म्हणून बस म्हणायच्या आधी त्याची जखम मागायची, आणि दिली नाही तर वही मिटून जायचं, हा कुठला कळवळा?

दुपारी माय म्हणाली, मी पाणी पिऊन येते. बराच वेळ आली नाही. मी शोधत गेले. गेटावर गर्दी जमली होती. मायनं रखवालदाराची प्लास्टिकची खुर्ची ओढून फ्लेक्सपुढं ठेवली होती आणि तिच्यावर चढून, पदराचं टोक थुंकीनं ओलं करून, ती स्वतःच्या गालावरचा तो थेंब पुसत होती. लहान लेकराचं तोंड पुसावं तसं. हात कसाबसा थेंबाच्या खालच्या टोकापर्यंत पोचत होता. छापलेला थेंब, तो काय निघणार. ती घासत होती. भोवती फोन वर झाले होते.

मी काय केलं? मी म्हटलं, "माय, खाली उतर. लोक बघायलेत."

तिनं वळून पाहिलं. "बघू दे. हे नको बघायला त्यांनी?"

तेव्हा मी पळत जाऊन टेबलावरून जाड कागद आणि चिकटपट्टी आणली. कागदावर ब्रशनं मोठं हसू काढलं, दातासकट, आणि मायला उतरवून त्या खुर्चीवर मी चढले. मिटलेल्या तोंडावर ते हसू चिकटवलं आणि थेंबावर कोरा कागद. ऋत्विक धावत आला. म्हणाला, ताई, प्लीज, हे प्रायोजकांचं आहे. मी म्हटलं, तोंड प्रायोजकांचं आहे का? तासाभरानं फ्लेक्स उतरवला. कारण सांगितलं, गेटावर गर्दी होऊन जाण्या-येण्याला अडचण होते. चूक झाली, हे शब्द कुणाच्याही तोंडून आले नाहीत. आजतागायत आलेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. खुर्चीवर चढलेली माय, गालाला लावलेला पदर. खाली ओळ, ‘स्वतःचे चित्र पाहून ऊसतोड मातेला अश्रू अनावर’.

एसटीत मी ती ओळ मायला वाचून दाखवली. अहमदनगर मागं गेल्यावर ती म्हणाली, "पुसलं तरी तेच लिवलं."

गावी आलो तर आणखी एक निरोप वाट बघत होता. तालुक्यातल्या एका पुढाऱ्याच्या माणसानं बापूंना रस्त्यात गाठून सांगितलं होतं, पोरीला म्हणावं, जिल्ह्याची बदनामी थांबव. आपल्याकडच्या बाया पेपरात रडताना दिसतात, हे बरं न्हाई. पुण्याला आमची बाई रडायला हवी आणि इथल्यांना ती दिसायलाच नको. ती हसत होती, हे दोन्हीकडच्यांच्या गावी नव्हतं. मी बापूंना विचारलं, तुम्ही काय म्हणालात? ते म्हणाले, "मी म्हणलं, साहेब, तुमी पुस्तक वाचलंय का? तो म्हणला, वाचायची गरज न्हाई. मग मी शेळ्या घेऊन पुढं झालो."

तो सगळा हिवाळा मी अशी धगधगत होते. वर्गात मुलांना डोंगर आणि सूर्य काढायला सांगायची आणि खिडकीपाशी उभी राहून ऋत्विकला मनातल्या मनात उत्तरं द्यायची. माझी बाजू शंभर टक्के खरी होती. त्यामुळं त्या रागात एक प्रकारचं सुखही होतं.

चैत्रात टोळ्या परत आल्या. कौसामावशी आली. ही मायची जिवाभावाची मैत्रीण, पंधरा हंगाम दोघींनी शेजारी शेजारी कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी, घालून काढलेले. मायनं कौतुकानं तिला पुस्तक दाखवायला घेतलं. मारुतीच्या पारावर दोघी बसल्या होत्या, मी चहा घेऊन गेले. मावशी अंगठ्याला थुंकी लावून पानं उलटत होती, हसत होती. "ही कोपी आपली नव्हं? ह्यो बैल शिरप्याचा." तेविसाव्या पानावर ती थांबली.

ते माझं सगळ्यात गाजलेलं पान होतं. पुण्यात लोक याच पानावर थांबायचे आणि म्हणायचे, कसलं भारी आहे हे. अख्ख्या पानाची एकच चौकट. दोन्ही बाजूंनी आभाळापर्यंत गेलेला ऊस, मधल्या काळोख्या फटीत एक बाई, पोटुशी, दोन्ही हातांनी उसाची दोन कांडं धरून वाकलेली. एकटी. बाकी सगळा काळा रंग. कौसामावशीची पोरगी उसाच्या फडात जन्मली, ती गोष्ट मायनं मला सांगितली होती, तीच ही.

मावशी म्हणाली, "ही मी हाय?"

मी मान हलवली.

"मला इचारलं न्हाईस."

मायचं तोंड काढायच्या आधी मायला विचारलं होतं. मावशीचं बाळंतपण काढायच्या आधी मला तसं सुचलंसुद्धा नव्हतं. मायनं सांगितलं, म्हणजे ते माझंच झालं, अशा हिशेबानं मी ते घेऊन टाकलं होतं.

"काढलंस ते काढलंस," मावशी म्हणाली. "पण मला एकटीच कावून काढलीस?"

"मावशी, ते... चित्रात तसं..."

"मी एकटी नव्हते. चौघी व्हत्या मला धरायला. तुझी ही माय, पारू, हौसा, गया. हौसानं कोयता इस्तवात धरून नाळ कापली. तुझ्या मायनं आपलं लुगडं सोडून आडोसा धरला, परकराव उभी व्हती, गडी माणसं जवळच व्हती. तू तिलाबी काढली न्हाईस. आपल्या सख्ख्या मायला."

मायकडं पाहिलं तर ती जमिनीकडं बघत होती. पुण्यात टेबलावर बसलेलो असताना हे पान बघून ती माझ्याशी काहीतरी बोलली होती. गर्दीत मला ऐकू आलं नव्हतं आणि मी पुन्हा विचारलं नव्हतं.

मला सगळं माहीत होतं, हे इथं लिहिलं पाहिजे. मायनं गोष्ट सांगताना चौघींची नावं घेतली होती. माझ्या वहीत ती लिहिलेली आहेत. पहिल्या कच्च्या चित्रात मी पाचही बाया काढल्या होत्या. मग वाटलं, फार गर्दी होते. नजर ठरत नाही. एकटी बाई जास्त भिडते. म्हणून एकेक करून चौघी मी खोडरबरानं पुसल्या. ऋत्विकनं एक थेंब घातला होता. मी चार बाया काढून टाकल्या होत्या, आणि मला तर तसा अधिकार कुणी बारीक अक्षरातसुद्धा लिहून दिला नव्हता.

त्या दिवशी मला स्वतःचा जेवढा राग आला तेवढा पुण्याचाही आला नव्हता. पण त्यामुळं पुण्यावरचा राग कमीही झाला नाही, हे सांगते. आपणही तसेच वागलो म्हणजे समोरच्याची चूक माफ, असं होत नाही. उलट मला कळलं की हे किती सहज होतं. चांगल्या माणसाकडून होतं, प्रेमानं होतं, चित्र सुंदर व्हावं म्हणून होतं. म्हणूनच जास्त चीड येते.

मी म्हटलं, पान काढून टाकते.

मावशी म्हणाली, "टाकू नको. नीट काढ."

त्या उन्हाळ्यात आमच्या अंगणात तेविसावं पान पुन्हा झालं. मी पेन्सिल घेऊन बसले आणि मावशी नि माय ते बाळंतपण करून दाखवायला लागल्या. साठीच्या दोन बाया. मावशी खाली बसली, माय मागं उभी राहिली, पदर पसरून. दोघींचं भांडण जुंपलं, गया डावीकडं होती का उजवीकडं. शेवटी गयाला फोन लावला. ती म्हणाली, मी पाणी आणायला गेलते, मी नंतर आले. मग तिला घागर घेऊन पळत येताना काढली. मी विचारलं, पारू काय करत होती?

मावशीला हसू आवरेना. "पारू रडत व्हती. मला बघून. मी कळा देता देता तिला म्हणलं, तू कावून रडतीस, लेकरू मला व्हायलंय."

माय पण हसायला लागली, डोळ्याला पाणी येईस्तोवर.

"ते काढ," मावशी म्हणाली. "पारूच्या डोळ्यात पाणी काढ. ते खरं हाय."

काढलं. पान गच्च भरलं. नजर कुठंच ठरत नाही, पाठी, हात, लुगडी, धूर, घागर, एकमेकींत घुसलेल्या बाया. चित्रकार म्हणून विचाराल तर पहिलं पान जास्त देखणं होतं. मी आता ते कुणाला दाखवत नाही. दुसऱ्या छपाईत नवं पान आहे, आणि शेवटी पाचही जणींची नावं.

यंदा मेल आल्यावर मी अर्ज भरला आणि ती बारीक अक्षरातली ओळ खोडून बाजूला लिहिलं, माझ्या चित्रातली एक रेघही मला विचारल्याशिवाय बदलायची नाही. दोन दिवसांनी उत्तर आलं. नियम सर्वांना सारखेच आहेत, कळावे. मी पुन्हा तेच लिहून पाठवलं. अजून काही आलेलं नाही. नाही आलं तर नाही. पुस्तकं झोळीत घालून गेटाबाहेर उभी राहीन, तो रस्ता तर प्रायोजकांचा नाही.

हे पाठवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी उमापूरला गेले. शेवटच्या टोळीचा ट्रॅक्टर भरत होता. कौसामावशी पोरीला पोचवायला आली होती. पोरगी म्हणजे संगीता, तीच ती, उसात जन्मलेली. तिचं सासर गावातच आहे. तिला सहावा महिना लागलाय. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात आणि अर्ध्याला मुकादम नेत नाही. म्हणून ती निघाली होती. मावशी स्वतः गेल्या साली कंबर धरून परत आली तेव्हाच म्हणाली होती, आता मेले तरी जाणार न्हाई.

माझ्या पिशवीत नवं पुस्तक होतं. मी संगीताला दिलं. ती ट्रॉलीच्या कडेला टेकून पानं उलटायला लागली आणि तेविसाव्या पानावर आली. बोट ठेवून एकेक बाई ओळखत गेली. ही आई. ही केशरमावशी. ही पारूआत्या, रडायलीय. मग म्हणाली, "ताई, म्हणजे मला घ्यायला चौघी व्हत्या."

"हो."

तिनं मागं ट्रॉलीत पाहिलं. पोत्यांवर माणसं बसली होती. तिचे ओठ हलत होते, ती मोजत होती.

"आमच्या टोळीत औंदा बाया तीनच हायत," ती म्हणाली. "मला धरून."

ती जन्मली त्याला पंचवीस वर्षं झाली, मी ते पान दोनदा काढलं आणि त्या फडात एक दवाखान्याची गाडीसुद्धा पोचली नाही. माझ्या पानावर लोक थांबतात, हात फिरवतात, भारी म्हणतात. ते पान पुन्हा घडायची तयारी समोर ट्रॉलीत चालली होती, ज्वारीची पोती, घागरी आणि ताडपत्रीसकट, आणि ती थांबवायला ना माझी शाई कामाची होती ना कुणाचा कळवळा.

कौसामावशी घराकडं चालायला लागली. मला वाटलं तिला बघवेना. पण ती परत आली, काखेत गाठोडं आणि हातात पाण्याची कळशी घेऊन. मुकादमानं हटकलं, "मावशे, तुझं नाव न्हाई यादीत."

"नाव कशाला पायजे? मी ऊस तोडायला न्हाई येत."

"मग कशाला येतीस?"

मावशीनं गाठोडं वर फेकलं, जावयाच्या हाताला धरून चाकावर पाय दिला आणि कंबरेत कळ आली तशी दात खाऊन तिथंच क्षणभर थांबली. मग चढली. माय पुढं झाली आणि कळशी वर दिली. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं, बस.

ट्रॅक्टर गेवराईच्या रस्त्याला लागला. मावशी पोत्याला पाठ लावून संगीताला खेटून बसली होती. तिचा एक हात पोरीच्या पोटावर होता. तिनं मागं वळून पाहिलं नाही.